घामोबाच्या गुडघ्याला शेक

संग्रहालयाचं दार उघडायच्या आधीच पायऱ्यांवर गुडघ्यांची रांग लागलेली असे. रांग तशी माणसांचीच, पण जो तो आपला गुडघा असा पुढे करून उभा असे, की माणूस नुसता त्याला सोबत म्हणून आलाय असं वाटावं. सुजलेले गुडघे, वाकडे गुडघे, जिना म्हटलं की करकरणारे गुडघे. त्यांच्या मागे आखडलेल्या माना, धरलेल्या कंबरा, आणि सगळ्यात शेवटी नुसतेच आलेले लोक. त्यांना काहीही होत नव्हतं, पण एवढी गर्दी आहे म्हणजे आपल्यालाही काहीतरी होत असणार अशी त्यांची खात्री पटली होती.

ही सगळी यात्रा तळमजल्यावरच्या डाव्या दालनाकडे निघालेली. तिथे तो उभा होता. रोमन काळातला संगमरवरी पैलवान. अंगावर चिंधी नाही, नाकाचा शेंडा उडालेला, एका हातात वाकडी पट्टी. रोमचे पैलवान अंगाला तेल चोपडून कुस्ती खेळायचे आणि मग तेल, माती, घाम असा सगळा चिकटा त्या पट्टीने खरवडून काढायचे. शिल्पकाराने त्याला नेमका त्या कामात गाठला होता. खालच्या पाटीवर लिहिलं होतं, ‘घाम निपटणारा पैलवान’. वर्षानुवर्षं तो बिचारा एकटाच निपटत उभा होता. शाळांच्या सहली यायच्या, पोरं फिदीफिदी हसायची आणि शिक्षिका त्यांना घाईघाईने नाण्यांच्या दालनात पिटाळायच्या.

आणि आता त्याला खरोखरच घाम फुटत होता. लोकांनी त्याचं नाव ठेवलं होतं घामोबा.

त्या दिवशी सकाळी या गर्दीत डॉक्टरीणबाई सापडल्या होत्या. एका बाजूने कुणाचं तरी कोपर बरगडीत, दुसऱ्या बाजूने कुणाची तरी पिशवी पोटात. दालनात इतका गारठा होता की बाहेरच्या दमट उकाड्यातून आलेल्या लोकांच्या अंगावर काटा उभा राहत होता. "बघा, शहारे आले! जागृत आहे, जागृत!" शेजारच्या काकू म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर, म्हणजे बसायला जागा मिळाली असती तर मांडीवर असती अशी, टॉवेलात गुंडाळलेली रबरी गरम पाण्याची पिशवी होती. घामोबावर त्यांचा पूर्ण विश्वास होता, पण येता-जाता गुडघा शेकायला हवाच ना.

इतक्यात घामोबाचं म्हणणं लोकांना सांगणारे दुभाषीबुवा आले. ते मूळचे याच संग्रहालयातले माहिती सांगणारे गाइड. आता त्यांनी सदऱ्यावरून एक पांढरी चादर रोमन थाटात खांद्यावर टाकली होती. चादरीच्या कोपऱ्यावर लाँड्रीची खूण दिसत होती.

"खिडक्या लावा! दारं लावा!" त्यांनी हात वर केला. "बाहेरची हवा संशयी असते. आता सगळ्यांनी पोटातून श्वास घ्यायचा आणि या महापुरुषाच्या अंगावर सोडायचा. कंजुषी नको! म्हणा, सुडोरुम, सुडोरुम, पीडा करो दूरुम! हाऽऽ!"

"हाऽऽ!" दालन दणाणलं.

"ऐकू येत नाही त्यांना! दोन हजार वर्षांचे कान आहेत ते! हाऽऽ!"

सगळ्यांच्या पुढे, अगदी चौथऱ्याला खेटून, एक धिप्पाड म्हातारा छाती फुगवून ओरडत होता. त्याचा आवाज इतका खणखणीत होता की बाकीचे लोक त्याच्या मागोमाग ओरडत होते. तो म्हणजे डॉक्टरीणबाईंचा सख्खा मोठा भाऊ. दादा. शाळेत जन्मभर व्यायामशिक्षक होता, आवाज तिथलाच.

थोड्या वेळाने पैलवानाच्या छातीवर धूसर ओल आली. दगड काळवंडला. मग खांद्यावर थेंब जमले, थेंबाला थेंब मिळाला आणि तुटक्या नाकावरून एक टपोरा थेंब लोंबू लागला.

"आला! आला!" लोक ओरडले. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. बुवा कापसाचे बोळे घेऊन घाम टिपू लागले आणि पुढे आलेल्या तळव्यांवर एकेक बोळा ठेवू लागले.

"रोममध्ये पैलवानांचा घाम औषध म्हणून विकत घ्यायचे! इतिहासात नोंद आहे!" बुवा गरजले. ही गोष्ट खरी होती, आणि तीच पंचाईत होती. थापेत एक खरा दाणा टाकला की सगळं पोतं खपतं. शिवाय बुवा कुणाकडून काही घेत नव्हते, त्यामुळे लोकांचा विश्वास दुप्पट.

डॉक्टरीणबाईंनी पाहिलं, दादाने बोळा घेतला, खाली वाकला आणि तो आपल्या उजव्या बुटात सारला. 

*

आदल्या संध्याकाळी वहिनींचा फोन आला होता. "वन्सं, जरा येऊन जा. ह्यांच्या पायाला वास येतोय, आणि हे म्हणतात तो रोमचा वास आहे."

दादाला मधुमेह होता. पावलाच्या कडेला बुटाने घासून एक फोड आला, फुटला आणि करंगळीपर्यंत चिघळत गेला. बहिणीने औषधं दिली होती, इन्सुलिनची सुई चालू केली होती, एक दिवसाआड मलमपट्टीला यायला बजावलं होतं. पण गेले काही दिवस दादा दवाखान्याकडे फिरकला नव्हता.

बाईंनी मोजा काढला आणि दिवा जवळ ओढला. करंगळी काळी पडत चालली होती.

"सुई घेतोस ना, दादा?"

"बंद केली. बुवा म्हणाले, सुई आणि घाम एका अंगात नांदत नाहीत."

"कोण बुवा? तो गाइड? त्याला काय कळतं?"

"त्याला नसेल कळत. पण पैलवानाला कळतं." दादा खुर्चीत ताठ झाला. "तू पाहिलायस का त्याला? पोटऱ्या बघ त्याच्या! मांड्या बघ! तो माणूस व्यायाम केलेला आहे, छकुले. तुम्ही डॉक्टर लोक एक जिना चढलात की धापा टाकता आणि आम्हाला तब्येत शिकवता."

"अरे दगड आहे तो!"

"अंग दगडासारखंच पाहिजे. मी पोरांना जन्मभर हेच सांगत आलो."

अर्ध्या शहराच्या नाड्या बाईंच्या हातात होत्या. मोठमोठे साहेब त्यांच्यासमोर जीभ बाहेर काढून बसत. पण दादाच्या लेखी त्या अजून खडू खाणारी छकुलीच होत्या. वडील लवकर गेले, तेव्हा दादाने स्वतःचं शिक्षण सोडून शाळेत नोकरी धरली आणि बहिणीला डॉक्टर केलं. परीक्षेच्या दिवशी तिला सायकलवर डबलसीट नेताना तो वाटभर सूचना द्यायचा, "पाठीचा कणा सरळ ठेव, उत्तरं आपोआप येतील." अशा माणसाला आपण काय सांगणार?

"दुखतं का?" त्यांनी विचारलं.

"मुळीच नाही! आधी ठणकायचं. आता काही म्हणता काही नाही. हाच गुण!"

"दुखत नाही म्हणूनच मला धडकी भरलीय, दादा. साखरेने पायाच्या नसा बधिर झाल्यात. तिथे खिळा ठोकला तरी तुला कळायचं नाही. ही जखम आता साफ केली नाही, तर करंगळी जाईल, मग पाऊल जाईल, मग गुडघ्याखालचा सगळा पाय कापावा लागेल. आणि मग पायावर भागलं नाही तर... ऐकतोयस ना तू?"

"थोडे दिवस थांब. एवढी घाई कशाला?"

स्वयंपाकघरात वहिनी हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुमचं ऐकत नाहीत, माझं तर नाहीच नाही. त्या उघड्याचं तेवढं ऐकतात."

बाई खाली रस्त्यावर आल्या आणि गाडीत बसून रडल्या. दुःखाने कमी, संतापाने जास्त. ज्या माणसाने आपल्याला पायावर उभं केलं, त्याचा पाय एका दगडाच्या ओलीपायी जाणार होता.

*

सकाळच्या त्या गर्दीतून सुटल्यावर बाई घरी गेल्या नाहीत. दुपारी, दालन रिकामं झाल्यावर, त्या थेट संचालकांच्या खोलीत शिरल्या. संचालक गोड माणूस होते. इतके गोड की कुणालाच कडू लागू नये याची त्यांना सतत काळजी.

"मी पूर्णपणे विज्ञानाच्या बाजूने आहे," ते म्हणाले. "पण दालन श्रद्धेमुळे भरतंय, हे मला नाकारता येत नाही. गेल्या वर्षी इथे एक कबुतर शिरलं होतं, तर आम्ही त्याचीही अभ्यागत म्हणून नोंद केली होती."

"मला फक्त मूर्ती जवळून पाहायचीय."

दालनात आता माणूस नव्हता, खिडक्या उघड्या होत्या. पैलवान खडखडीत कोरडा उभा होता. बाईंनी चौथऱ्यावर हात ठेवला. भर दुपारीही दगड गार होता.

"सकाळी इथे एवढी थंडी कशाला असते?"

"बुवांनी सांगितलंय. रात्रभर वातानुकूलन पूर्ण जोरात ठेवायचं, सकाळी लोक आले की बंद करायचं. रोमचं हवामान राखायला हवं म्हणे."

"रोममध्ये एवढी थंडी असते?"

"मी कधी गेलो नाही," संचालक प्रामाणिकपणे म्हणाले.

पैलवानाच्या मागच्या बाजूला काहीतरी चादरीखाली झाकलेलं होतं. बाईंनी विचारलं.

"ते आमचे संस्थापक. त्यांचा अर्धपुतळा. तोही संगमरवरीच. बुवा म्हणाले, त्यांची नजर घामोबांच्या पाठीला टोचते."

बाईंनी चादर उचलली. गुबगुबीत गालांचे, दुहेरी हनुवटीचे संस्थापक प्रकट झाले. चेहऱ्यावर धुळीचा थर होता, आणि त्या धुळीतून कपाळापासून हनुवटीपर्यंत ओघळांचे स्वच्छ पट्टे उतरले होते. रडून रडून झोपलेल्या पोराचं तोंड असतं ना, अगदी तसं.

"यांनाही घाम येतो?" बाईंनी विचारलं.

"छे हो!" संचालक दचकले. "वडिलोपार्जित श्रीमंत होते. जन्मात घाम गाळला नाही त्यांनी."

बाईंना फ्रिजमधून काढून टेबलावर ठेवलेली पाण्याची बाटली आठवली, तिच्या बुडाशी साचणारं तळं आठवलं, आणि त्या दालनात एकट्याच खदखदून हसल्या. उलगडा झाला होता. पण त्याचा उपयोग काय? त्यांनी तिथूनच दादाला फोन लावला, गार दगड, दमट हवा, सगळं समजावून सांगितलं. दादाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "छकुले, तू डॉक्टर असशील. पण तुला पैलवानाचं काय कळतं?"

फोन ठेवला गेला. बाई तशाच उभ्या राहिल्या. खरंच की. आपल्याला पैलवानाचं काही कळत नाही. पण दादाला कळतं!

*

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई काकूंच्या शेजारीच उभ्या राहिल्या, मग रेटत रेटत दादापाशी पोचल्या. खिडक्या लागल्या, दारं लागली, सुडोरुम झालं, हाऽऽ झालं आणि घामोबा पाझरू लागला. बुवांनी कापसाचा पहिला बोळा उचलला तोच बाई दादाच्या कानाशी लागल्या.

"दादा, एक विचारू? याचा डावा गुडघा सुजलाय का रे?"

दादाने डोळे बारीक केले. मूर्तीचा डावा गुडघा केव्हातरी मोडला होता आणि कारागिरांनी सांधताना तिथे जरा जास्तच लेप थापला होता.

"अरेच्चा!" दादा म्हणाला. "सुजलाय खरा. वाटी सरकलेली दिसते. इतके दिवस माझं लक्षच नाही! हा असाच उभा राहतो बिचारा?"

"तू काय करायचास शाळेत, एखाद्या पोराचा असा गुडघा सुजला तर?"

"शेक!" दादा गरजला. "जुनी सूज आहे. शेक द्यायलाच हवा!" आणि त्याची नजर काकूंच्या पिशवीवर गेली. "काकू, आणा ती इकडे."

"अहो, माझा गुडघा?"

"आधी त्याचा. तो सगळ्यांसाठी राबतोय."

हे काकूंना पटलं. पिशवी हातोहात पुढे आली. बुवांचा चेहरा मात्र उतरला.

"थांबा! हे काय चाललंय? रबर चालत नाही! रोममध्ये रबर नव्हतं!"

"रोममध्ये गुडघे होते ना?" दादाने विचारलं.  पैलवानाला शेक देऊ नका असं म्हणणारा माणूस दादाने आयुष्यात पाहिला नव्हता आणि पाहायची त्याची तयारीही नव्हती. मागे संचालक दोन्ही हात जोडून उभे होते. ते कुणाला जोडले होते हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मग सगळ्या दालनाने ते दृश्य पाहिलं. एक म्हातारा व्यायामशिक्षक दोन हजार वर्षांच्या नागड्या रोमन पैलवानासमोर उकिडवा बसून, टॉवेलातली पिशवी त्याच्या गुडघ्याला लावून, मायेने म्हणत होता, "जरा कढत लागेल हं. सहन कर."

 कुणीतरी म्हणालं, "घामोबांना बरं वाटतंय." कुणीतरी म्हणालं, "चेहरा बघा, सैल पडला." घामोबांच्या चेहऱ्यावर अर्थातच काहीही झालं नव्हतं.

बऱ्याच वेळाने दादाने पिशवी काढली, टॉवेलाने गुडघा पुसला आणि मागे सरकला.

गुडघा कोरडा होता. वरच्या मांडीवर थेंब, खालच्या नडगीवर थेंब, दुसऱ्या गुडघ्यावर तर धार लागलेली. आणि मध्ये हा एकच गुडघा पांढरा, कोरडा. लोक थांबले. आता येईल, मग येईल. बाकीचं अंग ठिबकत राहिलं, पण त्या गुडघ्यावर एक थेंबही आला नाही.

"चमत्कार!" बुवा सावरले. "गुडघा बरा झाला! पीडा गेली, म्हणून घाम थांबला! म्हणा, सुडोरुम..."

"सुडो..." लोकांनी सवयीने तोंड उघडलं.

"दादा," बाई मोठ्याने म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा. "मला पैलवानांचं कळत नाही म्हणून तुला विचारते. तू इतकी वर्षं पोरांकडून जोर-बैठका काढून घेतल्यास. अंग तापलं की घाम वाढतो की थांबतो?"

"वाढतो. हे काय विचारणं झालं?"

"आणि अंग गार पडलं की?"

"थांबतो."

"मग याला गार असताना घाम येतो आणि शेकलं की थांबतो. असा पैलवान तू कधी पाहिलायस?"

दादा चौथऱ्याकडे वाकला. तो एकदा कोरड्या गुडघ्याकडे बघे, एकदा ठिबकत्या मांडीकडे. त्याच्या कपाळावर आठ्या चढू लागल्या. बाईंना त्याचा तो चेहरा लहानपणापासून माहीत होता. कुणी पोरगं खोटी पोटदुखी सांगून कवायत चुकवतंय असा संशय आला की दादा असाच बघत असे.

"हा घाम नाही," दादा हळूच म्हणाला.

"अहो, दैवी घाम उलटा असतो!" बुवा ओरडले.

"गप्प!" दादाने असा आवाज टाकला की खिडक्यांची तावदानं हलली आणि बुवांची चादर खांद्यावरून घसरली. "छकुले, हे काय आहे मग?"

बाईंनी मागे जाऊन संस्थापकांची चादर ओढली. संस्थापक चिंब झाले होते. दुहेरी हनुवटीवरून थेंब टपटपत होते. लोकांमध्ये कुजबूज उठली. दोन-चार उत्साही मंडळी बुवांचे कोरडे बोळे उचलून तिकडेही धावली, पण काकूंनी त्यांना अडवलं. "अहो, ते कसले घाम गाळतात! माझे सासरे त्यांच्याकडे कामाला होते!"

"आता ऐका," बाई म्हणाल्या. "हे दालन रात्रभर गार करतात. दगड गार होतो आणि लवकर तापत नाही. सकाळी तुम्ही बाहेरच्या दमट हवेतून येता, दारं-खिडक्या बंद होतात, आणि तुम्ही सगळे जोरजोरात हाऽऽ करून श्वास सोडता. श्वासात वाफ असते. आरशावर हाऽऽ केलं की आरसा धुरकटतो, तसंच. ती वाफ गार दगडाला लागून तिचं पाणी होतं. घरी फ्रिजमधून बाटली काढली की तिलाही असाच घाम येतो. तिला कुणी गुडघा दाखवत नाही."

"असं कसं? रविवारी गर्दी कमी होती तर घाम आलाच नाही! बुवा म्हणाले, श्रद्धा कमी पडली," मागून एकजण म्हणाला.

"श्रद्धा नाही, वाफ कमी पडली."

दादाला आता थांबवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. "सगळे बाहेर! दोनदोनच्या रांगेत! खिडक्या उघडा!" त्याने हुकूम सोडला, आणि करकरणारे गुडघे कवायतीत चालत असल्यासारखे बाहेर पडले. दालनात वारा खेळू लागला. बुवा, संचालक, बाई आणि दादा तेवढे आत राहिले. बघता बघता पैलवान सुकला, संस्थापकही सुकले. मग दादाने लोकांना आत घेतलं, खिडक्या लावल्या आणि म्हणाला, "आता मंत्र नाही. नुसतं हाऽऽ करा. हवं तर शिव्या द्या, पण तोंड उघडं ठेवा."

काही लोकांनी ही सवलत मनापासून वापरली. पैलवान पुन्हा ओला होऊ लागला. संस्थापकही. फक्त तो शेकलेला गुडघा तेवढा कोरडाच राहिला.

 मग मागच्या रांगेतल्या एका खोकणाऱ्या काकांकडे सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. काका संकोचाने म्हणाले, "मी... मी रोज येतो."

काकूंनी पदराला बांधलेला कालचा बोळा सोडला, लांब धरला आणि खिडकी उघडून दोन बोटांनी बाहेर टाकला. "शी! म्हणजे आम्ही यांचा खोकला गुडघ्याला चोळत होतो?"

बुवा चौथऱ्यावर बसले. चादर मांडीवर गोळा झाली होती. कुणी त्यांना मारायला धावलं नाही, पण कुणी जवळही गेलं नाही.

"मी वीस-बावीस वर्षं इथे इतिहास सांगितला," ते खालच्या आवाजात म्हणाले. "कोण, कुठला, कसा घडवला, सगळं. कुणी दोन मिनिटं थांबलं नाही. एकदा सहल आली होती, त्या दिवशी बाहेर उकडत होतं, आत गार होतं, हा असाच ओला झाला. मला कारण लगेच कळलं. पण एक बाई म्हणाल्या, घाम आला! आणि सगळे थांबले. पहिल्यांदाच."

बाईंना क्षणभर त्यांची कीव आली. मग दादाचा बूट आठवला आणि कीव जागच्या जागी विरून गेली. "लोक थांबले तेव्हा खरं सांगायचं होतं, बुवा. तीच तुमची संधी होती. सुई बंद करायला तुम्ही सांगितलंत."

बुवांनी मांडीवरच्या चादरीची घडी घालायला घेतली.

दादा एव्हाना चौथऱ्याच्या पायरीवर बसून बुटाचे बंद सोडत होता. त्याने बूट काढला, मोजा काढला, आत कोंबलेला कापसाचा लगदा काढून फेकला आणि पाय बहिणीच्या पुढे केला. सगळ्या दालनाला वास आला. कुणी नाक दाबलं नाही.

"बघ, छकुले," तो म्हणाला. आवाज पार बसला होता. "बघ, काही उरलंय का."

*

करंगळी गेली. हाडापर्यंत पू पोचला होता. ती ठेवता आलीच नाही. बाकीचा पाय राहिला. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी तसं सांगितलं तेव्हा बाईंनी बाहेर येऊन वहिनींना मिठी मारली.

दादा मग नेमाने मलमपट्टीला येऊ लागला. सुई स्वतःच्या हाताने टोचून घ्यायला शिकला. दवाखान्यात बहिणीचा नंबर लागेपर्यंत बाकावर बसून तो इतरांच्या पाठीचे कणे सरळ करायचा.

एकदा पट्टी सोडताना तो म्हणाला, "सगळ्यात मोठ्याने मीच ओरडत होतो ना गं?"

"हो."

"म्हणजे त्या पाण्यात माझाच श्वास जास्त होता."

"बहुतेक."

"आणि मी तोच जखमेला लावत होतो." त्याने सोडलेली पट्टी बोटाभोवती गुंडाळली. "मी तुला एवढं शिकवलं कशाला मग?"

 बाईंनी नवी पट्टी जरा जास्तच हळू बांधली.

बाहेर बाकावर एक तरुण आईला घेऊन बसला होता. दादा लंगडत बाहेर आला तेव्हा तो शेजाऱ्याला सांगत होता की नदीपलीकडे कुणीतरी एक जण नुसत्या नजरेने मुतखडा विरघळवतो, आणि आज इथून आईला तिकडेच न्यायचा विचार आहे. दादा त्याच्या शेजारी बसला.

"जा की," दादा म्हणाला. "पण गेलास की त्याला विचार. किती लोकांचा विरघळला? आधी कुणी तपासला होता, नंतर कुणी तपासला? तू त्याला डोळे झाकायला सांगितलंस तर विरघळतो का? सगळं विचार. इथल्या डॉक्टरीणबाईंनाही विचार, त्या माझी बहीण आहेत म्हणून सोडू नकोस. जो उत्तर देईल, पडताळून बघ म्हणेल, त्याचं ऐक. विचारल्यावर जो चिडेल, त्याच्या हातात आईला देऊ नकोस."

"विचारलं तर त्यांना राग येईल ना, सर," तरुण म्हणाला.

"येऊ दे," दादा म्हणाला आणि त्याने पट्टी बांधलेला पाय जरा पुढे केला. "मी राग येईल म्हणूनच विचारलं नाही. एक करंगळीभर उशीर झाला मला."